उपप्रश्नाला जागा

निवडणुकीच्या आधीचा रविवार. बदलापूरच्या कात्रप किंवा मांजर्ली भागातली कुठलीही मोठी सोसायटी घ्या, संध्याकाळचे चित्र थोड्याफार फरकाने तेच असते. पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढलेल्या, मंडपवाल्याकडून आणलेल्या पन्नासेक प्लास्टिकच्या खुर्च्या, एक माइक, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. उमेदवार साडेसातला यायचा असतो, तो पावणेनऊला येतो. गळ्यात उपरणे, मागे दहा-पंधरा कार्यकर्ते. शाल-श्रीफळ झाले की सोसायटीचे सचिव मागण्यांचा कागद वाचून दाखवतात: आतल्या रस्त्याला पेव्हर ब्लॉक, गच्चीवर पत्र्याची शेड, फाटकाजवळ सीसीटीव्ही, आणि शेवटी पाणी. उमेदवार कागद घडी करून खिशात ठेवतो आणि म्हणतो, "तुमचं काम झालंच म्हणून समजा." टाळ्या होतात. अजून तीन सोसायट्या बाकी आहेत, असे सांगून तो उठतो. मागच्या रांगेत एका काकूंनी हात वर केलेला असतो. तो तसाच खाली येतो.

काकूंना काय विचारायचे असेल? बहुधा एवढेच, की पाणी वाढवून देतो म्हणता, ते कसे? अंबरनाथ आणि बदलापूर या दोन्ही शहरांचा पाणीपुरवठा नगरपालिकेच्या हातात नाही. तो महाराष्ट्र जीवन प्राधिकरण या राज्य सरकारच्या संस्थेकडे आहे. उल्हास नदीवरच्या बंधाऱ्यातून पाणी उचलण्यापासून बिल पाठवण्यापर्यंतचे काम प्राधिकरण करते. शेजारच्या उल्हासनगरची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे महापालिका आहे, पण शहराचा स्वतःचा जलस्रोत नाही. पाणी एमआयडीसीकडून विकत घ्यावे लागते. म्हणजे नगरसेवकपदाचा उमेदवार पाण्याचे आश्वासन देतो तेव्हा तो दुसऱ्याच्या घरातल्या रांजणाबद्दल बोलत असतो. त्याला काहीच करता येणार नाही असे नाही. पाठपुरावा करता येतो, ठराव करता येतो, गळतीचा हिशेब मागता येतो. पण तो नेमके काय करणार हे कळायला दुसरा प्रश्न विचारावा लागतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाकडे तयार असते.

या प्रकरणात आपल्याला त्या दुसऱ्या प्रश्नाकडे बघायचे आहे. निवडणुकीच्या आधी उमेदवारांना एका व्यासपीठावर बसवून त्यांच्यात जाहीर वाद घडवण्याची पद्धत जगात अनेक ठिकाणी आहे. या वादांना नियम असतात, आणि कधीकधी ते इतके घट्ट आवळलेले असतात की वाद उरतच नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. बांधलेला वाद मतदाराच्या कामाचा असतो का? मला वाटते, असतो. मात्र नियमाची दोरी कोणाच्या हातात आहे आणि ती कशाभोवती बांधली आहे, हे आधी तपासले पाहिजे.

दोरी कोणाच्या हातात

१८५८ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्यात सात ठिकाणी जाहीर वाद झाले. गुलामगिरीचा प्रश्न होता. मोकळ्या वादाचा नमुना म्हणून आजही त्यांचा दाखला दिला जातो, पण ते वाद अजिबात सैल नव्हते. पहिल्या वक्त्याला ६० मिनिटे, दुसऱ्याला ९०, पुन्हा पहिल्याला ३०, असे तीन तास ठरलेले. ठिकाणे ठरलेली, पहिले कोण बोलणार तेही आळीपाळीने ठरलेले. बांधलेला होता तो वेळ. काय बोलायचे, समोरच्याला काय विचारायचे, यावर बंधन नव्हते. दोघेही एकमेकांना थेट प्रश्न टाकत आणि समोरचा उत्तर देईपर्यंत पुढच्या गावीही तोच प्रश्न घेऊन जात.

१९६० मध्ये केनेडी आणि निक्सन टीव्हीच्या पडद्यावर समोरासमोर आले. त्यानंतर सोळा वर्षे अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा वाद झालाच नाही. १९७६ मध्ये लीग ऑफ विमेन व्होटर्स या मतदार-शिक्षणाचे काम करणाऱ्या संघटनेने तो पुन्हा सुरू केला. त्या वर्षीच्या पहिल्या वादात फिलाडेल्फियाच्या नाट्यगृहात अचानक आवाजाची यंत्रणा बंद पडली. दुरुस्तीला २७ मिनिटे लागली. एवढा वेळ जेराल्ड फोर्ड आणि जिमी कार्टर, एक राष्ट्राध्यक्ष आणि एक होऊ घातलेला राष्ट्राध्यक्ष, आपापल्या मेजामागे न बोलता उभे राहिले. ना बसले, ना एकमेकांशी दोन शब्द बोलले. करोडो लोक बघत होते आणि माइकशिवाय काय करायचे हे दोघांनाही ठरवता आले नाही.

पुढे दोन मोठ्या पक्षांनी मिळून १९८७ मध्ये या वादांसाठी वेगळा आयोग काढला आणि १९८८ मध्ये उमेदवारांच्या प्रचारयंत्रणांनी आपसात करार करून प्रश्न विचारणारे कोण, प्रेक्षकांत कोण बसणार, पत्रकारांना कुठवर आत सोडायचे, हे सगळे आपल्या ताब्यात घ्यायचे ठरवले. लीगने त्या वादाचे यजमानपद जाहीरपणे सोडले. मतदाराच्या फसवणुकीत आम्ही सामील होणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. २००४ च्या वादासाठी बुश आणि केरी यांच्या माणसांनी केलेला करार ३२ पानांचा होता. उमेदवारांनी एकमेकांना थेट प्रश्न विचारायचा नाही. सामान्य नागरिकांच्या सभेत नागरिकाने प्रश्न आधी लेखी द्यायचा, निवड झाली तर तोच वाचायचा, आणि त्याचा प्रश्न संपताच त्याचा माइक बंद करायचा. उपप्रश्न विचारायचा नाही.

इथे मुद्दा स्पष्ट होतो. १८५८ मध्येही नियम होते आणि २००४ मध्येही. पहिल्या नियमांनी वक्त्याला बांधले, दुसऱ्यांनी प्रश्नकर्त्याला. उमेदवारांनी स्वतः लिहिलेल्या नियमावलीत सर्वांत आधी कात्री लागते ती उपप्रश्नाला, कारण पाठ केलेले उत्तर तिथेच उघडे पडते.

तारा आणि त्यापुढचा प्रश्न

यासाठी अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. आपल्या विधिमंडळाचा प्रश्नोत्तरांचा तास ही फार काटेकोर नियमांची गोष्ट आहे. आमदाराने प्रश्न कित्येक दिवस आधी लेखी द्यायचा. तो नियमात बसतो की नाही हे आधी तपासले जाते. खात्याचे अधिकारी उत्तर तयार करतात, मंत्री ते सभागृहात देतात. एवढ्यावर थांबले असते तर हा तास म्हणजे छापील कागदांची देवाणघेवाण ठरला असता. पण ज्या प्रश्नावर तारा असतो, त्या तारांकित प्रश्नाला उपप्रश्न विचारता येतात. त्याची आगाऊ सूचना नसते. मंत्र्याने खात्याचा अभ्यास केला आहे की फक्त टिपण वाचले आहे, हे बाकावरच्या आमदारांना आणि वर पत्रकार कक्षात बसलेल्यांना तिथे दोन मिनिटांत कळते. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते आणि ते फाइलमध्ये जाते.

सभागृहात अध्यक्ष घंटा वाजवतात, वेळ संपला की पुढचा प्रश्न पुकारतात, विषयाबाहेर गेले की थांबवतात. या शिस्तीमुळे उपप्रश्नाची धार कमी होत नाही. उलट शिस्त मोडून गोंधळ झाला की सगळ्यांत आधी प्रश्नोत्तरांचा तासच वाहून जातो आणि अडचणीत आलेला मंत्री सुटतो. गोंधळ कोणाच्या फायद्याचा असतो, हे ओळखायला एवढे उदाहरण पुरे.

निवडणुकीत मात्र आपल्याकडे नियंत्रण भलत्याच जागी आहे. आकाशवाणी-दूरदर्शनवर मान्यताप्राप्त पक्षांना मोफत वेळ मिळतो, ही चांगलीच सोय. पण भाषणाची संहिता आधी मंजूर करून घ्यावी लागते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सीताराम येचुरी आणि फॉरवर्ड ब्लॉकचे जी. देवराजन यांना आपापल्या भाषणातले काही शब्द वगळायला सांगण्यात आले होते. त्याच वर्षी मे महिन्यात निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, निवृत्त न्यायमूर्ती अजित शहा आणि ज्येष्ठ संपादक एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी या दोघांनाही जाहीर चर्चेचे निमंत्रण दिले. राहुल गांधींनी ते स्वीकारले, चर्चा काही झाली नाही. शब्द आधी तपासलेले, आणि समोर बसून उत्तर देण्याचा प्रसंगच नाही.

सिएरा लिओनचा पुरावा

बांधलेल्या वादाचा मतदाराला खरोखर काही उपयोग होतो का, याचे सर्वांत चांगले उत्तर मला पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन या गरीब देशात सापडते. २०१२ च्या निवडणुकीत तिथल्या १४ मतदारसंघांत खासदारकीच्या उमेदवारांचे वाद घडवून त्यांचे चित्रीकरण केले गेले. सगळीकडे एकच साचा: ठरलेले प्रश्न, प्रत्येकाला सारखा वेळ, मध्ये एक सूत्रधार. मग अभ्यासकांनी २२४ मतदान केंद्रांपैकी चिठ्ठ्या टाकल्यासारखी ११२ निवडली आणि तिथल्या वस्त्यांत पडदा लावून हे चित्रीकरण दाखवले. उरलेल्या ११२ ठिकाणी दाखवले नाही.

जिथे दाखवले तिथे लोकांना उमेदवार आणि त्यांची धोरणे जास्त माहीत झाली. वादात जो सरस ठरला त्याच्याकडे काही मते वळली. उमेदवारांनीही तिथे जास्त फेऱ्या मारल्या, प्रचारावर जास्त जोर लावला. आणि ज्यांनी अशा वादात भाग घेतला होता, त्यांनी निवडून आल्यावर मतदारसंघाच्या विकासनिधीचा वापर इतरांपेक्षा जास्त केला. चार लोकांसमोर बोललेला शब्द बहुधा नंतरही आठवत राहतो.

हा प्रयोग देशाच्या सर्वोच्च पदासाठी नव्हता, स्थानिक पातळीवरचा होता. ज्या उमेदवाराबद्दल मतदाराला जवळपास काही माहीत नसते, तिथे साधा, कोरडा, मिनिटे मोजून चालवलेला वादही खूप काही देतो. न्यूयॉर्कच्या स्टुडिओपेक्षा हा अनुभव अंबरनाथच्या शिवाजी चौकाला जास्त जवळचा आहे.

एक रेल्वे, एक नदी

आता आपल्या तीन शहरांकडे येऊ. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याणच्या पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके ओळीने लागतात. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास होती. त्यानंतर बदलापूरच्या डोंगराच्या बाजूला किती इमारती उभ्या राहिल्या, हे सकाळच्या लोकलमध्ये चढणाऱ्याला सांगावे लागत नाही. तिन्ही गावे एकमेकांना चिकटलेली, तरी कारभार वेगळा. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ नगरपालिका, कुळगाव-बदलापूर नगरपालिका. विधानसभेला उल्हासनगर आणि अंबरनाथ स्वतंत्र मतदारसंघ, बदलापूर मुरबाडमध्ये. लोकसभेला पहिले दोन कल्याणमध्ये, तिसरे भिवंडीत.

या वाटणीचा परिणाम वालधुनीच्या काठावर दिसतो. ही नदी अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहते. ते मंदिर शिलाहारांच्या काळातले, शिलालेखानुसार इसवी सन १०६० चे. तिथून ती उल्हासनगरात शिरते आणि पुढे कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. नोव्हेंबर २०१४ मध्ये या नदीत टँकरमधून घातक रसायन सोडले गेले आणि उल्हासनगरातल्या शेकडो रहिवाशांना त्यातून निघालेल्या वायूचा त्रास झाला. अंबरनाथच्या सभेत ही नदी पुढे वाहून जाते, उल्हासनगरच्या सभेत ती वरून वाहून येते. दोन्ही शहरांचे उमेदवार एका टेबलापाशी बसले तरच सांडपाण्याच्या कोणत्या नाल्याचे तोंड कोण बंद करणार, हे विचारता येईल.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. अंबरनाथ आणि बदलापूर नगरपालिकांची आधीची निवडणूक एप्रिल २०१५ मध्ये झाली. मुदत २०२० मध्ये संपली. त्यानंतर डिसेंबर २०२५ पर्यंत, पाच वर्षांहून जास्त, कारभार प्रशासकाकडे होता. उल्हासनगर महापालिकेची मुदत एप्रिल २०२२ मध्ये संपली, नवी निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. म्हणजे बदलापुरात २०१५ ला अकरा वर्षांचा असलेला मुलगा पहिल्यांदा नगरपालिकेसाठी मतदान करताना एकवीस वर्षांचा होता.

मधल्या काळात काय झाले ते सगळ्या देशाने पाहिले. २० ऑगस्ट २०२४ ला एका शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचारानंतर हजारो लोक बदलापूर स्थानकाच्या रुळांवर उतरले. लोकल दिवसभर बंद राहिल्या. मंत्री गिरीश महाजन रुळांवर येऊन लोकांशी बोलले, पण त्या गर्दीत कोणाचे बोलणे कोणाला ऐकू जाणार? संध्याकाळी पोलिसांनी लाठीमार करून रूळ मोकळे केले. त्या दिवशी शहरात एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. आपल्या वॉर्डातल्या माणसाला जाऊन विचारावे, अशी जागाच उरली नव्हती. तो राग रुळांवर का आला, याचा विचार करताना ही गोष्ट सोडून चालणार नाही.

विचारायचा राहिलेला प्रश्न

डिसेंबर २०२५ मध्ये अंबरनाथला निवडणूक झाली. प्रत्येक मतदाराने आपल्या प्रभागाचे नगरसेवक निवडले आणि थेट नगराध्यक्षही. थेट नगराध्यक्ष ही पद्धत महाराष्ट्रात २००१ मध्ये आली, २००६ मध्ये गेली, २०१६ मध्ये परत आली, २०२० मध्ये पुन्हा गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. निकाल २१ डिसेंबरला लागला. नगराध्यक्षपद भाजपच्या तेजश्री करंजुले यांनी जिंकले. नगरसेवकांत शिवसेनेला २७, भाजपला १४, काँग्रेसला १२ आणि राष्ट्रवादीला ४ जागा मिळाल्या. त्यानंतर काही दिवसांत भाजप, काँग्रेस आणि राष्ट्रवादी अंबरनाथ विकास आघाडी म्हणून एकत्र आले. राज्यभर गदारोळ झाला. मुख्यमंत्र्यांनी अशी युती चालणार नाही असे सांगितले. काँग्रेसने आपल्या बाराही नगरसेवकांना निलंबित केले आणि ते भाजपमध्ये गेले. राष्ट्रवादीचे चौघे पुढे शिवसेनेच्या बाजूला गेले.

यात कोण बरोबर, कोण चूक, हे मला इथे ठरवायचे नाही. प्रत्येक पक्ष आपले कारण सांगतो. माझे म्हणणे मतदाराच्या बाजूने आहे. प्रचाराच्या काळात रिक्षांवरचे भोंगे, एलईडीचे चित्ररथ, चौकसभा, घरोघरी वाटलेली पत्रके, मोबाइलवर येणारे रील, हे सगळे होते. पण "बहुमत मिळाले नाही तर तुम्ही कोणाबरोबर बसाल, आणि कोणाबरोबर काहीही झाले तरी बसणार नाही?" हा प्रश्न सगळ्या उमेदवारांना एकाच वेळी, एकाच ठिकाणी विचारण्याची सोय त्यात कुठेच नव्हती. उत्तर टाळले असते तरी ते टाळलेले सगळ्यांनी पाहिले असते.

उल्हासनगरात अडचण वेगळी आहे. तिथे ७८ जागा आणि २० प्रभाग. बहुतेक प्रभागांत एकाच वेळी चार नगरसेवक निवडायचे. चार जागांचे मिळून पंधरा-वीस उमेदवार झाले तर त्यांना सैल चर्चेत बसवणे अशक्य. तिथे घड्याळ लागतेच. भाषेचाही प्रश्न आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी हे शहर उभे केले, १९४९ मध्ये त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. आज शहरात सिंधी, मराठी आणि हिंदी या तिन्ही भाषा घराघरांत आहेत. प्रत्येक वस्तीत तिच्या भाषेत वेगळी सभा होते आणि एका सभेतले बोलणे दुसरीला कळत नाही. एका मंचावर तिन्ही भाषांत प्रश्न येऊ दिले, तर बेकायदा बांधकामांचा विषय तरी सगळ्यांसमोर एकाच तोंडाने मांडावा लागेल. उच्च न्यायालयाने ८५५ इमारती पाडण्याचा आदेश दिल्यावर २००६ मध्ये खास उल्हासनगरसाठी बांधकामे नियमित करण्याचा कायदा झाला. मे २०२१ मध्ये पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून रहिवासी मृत्युमुखी पडले. नियमित करून देतो, हे आश्वासन प्रत्येकजण देतो. त्यावरचा उपप्रश्न असा: आतापर्यंत किती अर्ज आले, किती मंजूर झाले, आणि नियमित झालेली इमारत मजबूत आहे हे कोण तपासणार?

काय बांधायचे, काय मोकळे ठेवायचे

काही जाणकार म्हणतात, नियमांनी वाद निर्जीव होतो. माणूस चिडला की खरा दिसतो, त्याला चिडू द्या. टीव्हीवर रोज संध्याकाळी आठ चौकटींत आठजण एकदम ओरडतात, त्यात कोणाचा स्वभाव कळतो असे मला वाटत नाही. कळतो तो फक्त आवाज. मोठा आवाज, मोठा जमाव, मोठा खर्च ज्याच्याकडे आहे तो मोकळ्या मैदानात नेहमीच जिंकतो. घड्याळ आणि बंद होणारा माइक यांचा आधार होतो तो अपक्षाला, नवख्याला, आणि विशेषतः महिला उमेदवाराला.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. बायकोचे नाव मतपत्रिकेवर आणि भाषण नवऱ्याचे, हा प्रकार आपण सगळ्यांनी पाहिला आहे. उमेदवारानेच बोलायचे, दुसऱ्या कोणी नाही, एवढा एक नियम घातला तरी मतदाराला आपण कोणाला निवडतो आहोत ते दिसेल. आणि खूपदा दिसेल ते असे, की बाईंना वॉर्डाची माहिती नवऱ्यापेक्षा जास्त आहे.

म्हणून बांधायचे ते एवढेच: प्रत्येकाची मिनिटे, बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून, घोषणा आणि झेंडे बाहेर, पहिल्या चार रांगांत कार्यकर्ते नाहीत. मोकळे ठेवायचे ते प्रश्न. ते कोणत्याही पक्षाने पाहायचे नाहीत, निवडायचे नाहीत. आणि प्रत्येक उत्तरानंतर, ज्याने प्रश्न विचारला त्यालाच एक उपप्रश्न.

हे सगळे नवीन नाही. सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये हा वाद रोज चालतो. चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला माणूस खिडकीतल्याला विचारतो, होम प्लॅटफॉर्म झाला म्हणता, पण गाड्या वाढल्या का? खिडकीतला उत्तर देतो, दारातला त्यावर दुसरे काहीतरी काढतो. डब्यात सगळे असतात, उमेदवार तेवढा नसतो. आसपासच्या गावांत निदान ग्रामसभा तरी भरते, सरपंचाला समोर बसावे लागते. शहरांसाठीही राज्याच्या महापालिका आणि नगरपालिका कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद आहे. ती वापरायला निवडणुकीची वाट पाहावी लागत नाही.

या तिन्ही शहरांत आता निवडून आलेली सभागृहे आहेत. माझी एक विनंती आहे. तुमच्या सोसायटीने, चाळीने, महिला मंडळाने, वाचनालयाने पुढच्या तीन महिन्यांत आपल्या प्रभागाच्या सगळ्या नगरसेवकांना आणि पराभूत उमेदवारांना एका संध्याकाळी बोलवावे. पत्र लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. खुर्च्या सगळ्यांसाठी मांडाव्यात, प्रत्येकीवर नाव लावावे. जो येणार नाही त्याची खुर्ची उचलू नये. आणि पहिला प्रश्न मागच्या रांगेतून घ्यावा.